रांगेचा फायदा सर्वांना

गेल्या शनिवारी आम्ही उभयता डिस्नेलँडला जाऊन आलो. ॲनाहाइमचं, म्हणजे खुद्द वॉल्ट डिस्नेनं उभं केलेलं, १७ जुलै १९५५ ला उघडलेलं मूळ डिस्नेलँड. कंपनीनं मला सहा महिन्यांसाठी आर्व्हाईनला धाडलंय, बायको महिनाभराची रजा काढून आली आहे, आणि इथवर येऊन मिकी माऊसला न भेटता परत गेलो असतो तर डोंबिवलीपासून पुण्यापर्यंतच्या तमाम नातेवाइकांनी आम्हाला वेड्यात काढलं असतं. फोटो सगळ्यांना पाठवून झालेत. "मज्जा आहे बाबा तुमची!" अशी उत्तरंही येऊन झालीत.

मज्जा आलीच. पार्क चकाचक, माणसं हसतमुख, राइड्स एकापेक्षा एक. तक्रार पार्कात कोणी वाईट वागलं अशी अजिबात नाही. पण हे प्रवासवर्णनही नाही. हा लेख एका गोष्टीच्या विरोधात आहे, आणि ती गोष्ट मी स्वतः पैसे मोजून विकत घेतली होती. तेव्हा आधी स्वतःच्या थोबाडीत मारून घेतो, मग तुमच्याकडे वळतो.

त्या गोष्टीचं नाव 'लाइटनिंग लेन मल्टी पास'. प्रवेशाचं तिकीट काढून झालं की वर माणशी आणखी तीस-पस्तीस डॉलर द्यायचे. मग ॲपमध्ये हवी ती राइड निवडायची, ॲप तुम्हाला तासाभराची वेळ देतं, त्या वेळेत गेलात की मोठ्ठी रांग बाजूला ठेवून वेगळ्या दारानं आत. ती झाली की पुढची निवडायची. आम्हाला परवडणार होता एकच दिवस. मी आठवडाभर आधी एक्सेल शीट करून ठेवली होती. अकरा राइड्स, दोन शो, जेवणाला पस्तीस मिनिटं. (हसू नका. तुमच्या गोवा ट्रिपच्या शीट्स मी पाहिल्यात.) पास घ्यायचा की नाही, यावर तर विचारसुद्धा केला नव्हता.

सकाळी साडेनऊला स्पेस माउंटन. बाहेरच्या पाटीवर साध्या रांगेची वेळ ७० मिनिटं. आम्ही पासवाल्या दारातून तरातरा आत. पुढे एके ठिकाणी दोन्ही रांगा एकत्र येतात. तिथला कर्मचारी साध्या रांगेला हात दाखवून थांबवतो आणि पासवाल्यांना पुढे घेतो. थांबवलेल्या रांगेत सगळ्यात पुढे एक सहा-सात वर्षांची मुलगी होती, बाबांचा हात धरून. ती समोरून पुढे जाणारी माणसं मोठ्यानं मोजत होती. ट्वेंटी-टू. ट्वेंटी-थ्री.

आम्ही चोविसावे आणि पंचविसावे.

तिच्या आवाजात राग वगैरे काही नव्हता. नुसती मोजत होती. बायकोनं माझ्याकडे बघितलं, मी छताकडे. राइड झकास झाली, काळोखात पोटात गोळा वगैरे सगळं. बाहेर आल्यावर बायको म्हणाली, "मला ओळखीच्या क्लार्ककडून मागच्या दारानं फॉर्म घेतल्यासारखं वाटलं." मी म्हटलं, "अगं, पैसे भरलेत आपण. रीतसर." तर म्हणे, "कोणाला भरलेस? त्या मुलीला?"

बायको टेस्टर आहे. माझ्या तयार कोडमध्ये कुठे बोट घालायचं हे तिला बरोब्बर कळतं.

आता जरा गणित. घाबरू नका, पाचवीचं आहे. समजा एखाद्या राइडमध्ये मिनिटाला ३० माणसं बसतात आणि रांगेत ९०० माणसं आहेत. म्हणजे शेवटच्या माणसाला ३० मिनिटं. आम्ही दोघं आलो आणि या ९०० जणांच्या पुढे जाऊन बसलो. आमची प्रत्येकी ३० मिनिटं वाचली, दोघांची मिळून ६०. त्या ९०० जणांचं काय झालं? दोन खुर्च्या गेल्या, म्हणजे प्रत्येकाला ४ सेकंद उशीर. नऊशे गुणिले चार, ३६०० सेकंद. म्हणजे किती? ६० मिनिटं!

एक सेकंद इकडेतिकडे नाही. आमचा जो तास 'वाचला' तो कुठल्या तंत्रज्ञानानं वाचवला नव्हता. तो नऊशे लोकांच्या खिशातून चार-चार सेकंद काढून आम्हाला दिला होता, आणि त्याचे पैसे तिसऱ्यानेच घेतले होते. मी पहिल्यांदा शीटमध्ये हा आकडा पाहिला तेव्हा फॉर्म्युला चुकला असं वाटून पुन्हा तपासला. नंतर आठवलं, हे तर आपल्याला इंजिनिअरिंगला होतं. लेनर्ड क्लाइनरॉक यांनी १९६५ मध्येच हे मांडून ठेवलंय: सेवेचा वेग तोच असेल आणि यंत्र रिकामं बसत नसेल, तर कोणाला आधी घेता यानं एकूण ताटकळणं कमी होत नाही. फक्त कोणाच्या वाट्याला किती, एवढंच बदलतं. हे तेच क्लाइनरॉक, ज्यांच्या यूसीएलएमधल्या लॅबमधून २९ ऑक्टोबर १९६९ ला अर्पानेटवरचा पहिला संदेश गेला. यूसीएलए आणि डिस्नेलँड एकाच महानगरात आहेत. इतक्या जवळ असलेलं ज्ञान आपण सोयीस्करपणे विसरतो, ते असो.

तुम्ही म्हणाल, चार सेकंदांचं काय घेऊन बसलास? बरोबर आहे. एकेकट्याचा गुन्हा नेहमी चारच सेकंदांचा असतो. पण आमच्या आधी तेवीस जण गेले होते आणि मागे दिवसभर येतच होते. समजा त्या कर्मचाऱ्यानं दर चार खुर्च्यांपैकी तीन पासवाल्यांना दिल्या, तर साध्या रांगेला मिनिटाला ३० ऐवजी साडेसातच खुर्च्या उरतात. त्याच ९०० माणसांना आता अर्ध्या तासाऐवजी दोन तास. राइड तीच, वेग तोच.

आणि इथे खरी ग्यानबाची मेख आहे. पाटीवर दोन तास दिसले की आणखी चार जण खिशातून फोन काढून पास घेणार. म्हणजे साधी रांग जितकी वाईट, तितका पास मोलाचा. विकणाऱ्यानं मुद्दाम रांग लांबवली असा माझा आरोप नाही. पण रांग कमी करण्यात त्याचं हित उरलं नाही, हे तर उघड आहे. आपल्या धंद्यात याला काय म्हणतात ते तुम्हाला ठाऊक आहे. फ्री व्हर्जन इतकं संथ ठेवायचं की माणूस वैतागून प्रीमियम घेईल. फरक इतकाच की डिस्नेलँडमध्ये 'फ्री व्हर्जन'वाल्यानंही दोनशे डॉलरच्या घरातलं तिकीट काढलेलं असतं.

हे पहिल्यापासून असं नव्हतं. रिलीज नोट्स वाचल्यासारखा इतिहास वाचा. सुरुवातीच्या काळात प्रत्येक राइडला कुपन लागायचं. साध्यासुध्या राइडला 'ए', आणि १९५९ पासून सगळ्यात भारी राइड्सना 'ई'. पैसे जास्त मोजले तर भारी राइड मिळायची, पण तिथल्या रांगेत पुढचा नंबर मिळायचा नाही. १९८२ मध्ये कुपनं गेली आणि एकच तिकीट आलं. दारात एकदा पैसे भरले की आत सगळे सारखे. १९९९ मध्ये फास्टपास आला. मशीनमध्ये तिकीट सरकवायचं, वेळ छापलेली चिठ्ठी बाहेर. पुढे जाण्याचा प्रकार तोही होता, पण फुकट आणि तिकीटवाल्या प्रत्येकाला. २०१७ मध्ये तेच मोबाइलवरून हवं असेल तर दिवसाला १० डॉलर. २०२० मध्ये करोनात पार्क बंद झालं आणि पुन्हा उघडल्यावर फुकटचा फास्टपास काही परतला नाही. २०२१ च्या डिसेंबरात त्याच्या जागी 'जिनी प्लस' आलं, २० डॉलर. २०२४ च्या जुलैत त्याचंच नाव मल्टी पास झालं, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात 'प्रीमियर पास'ही आला: वेळबिळ काही घ्यायची नाही, कधीही या आणि पुढे जा. सुरुवातीचा भाव माणशी ४०० डॉलर. म्हणजे रांग मोडण्याच्या रांगेतही आता पुढची रांग आहे!

एकट्या डिस्नेला झोडपण्यात अर्थ नाही. युनिव्हर्सलचा एक्सप्रेस पास आहे, आपल्या खोपोलीच्या इमॅजिकातही एक्सप्रेस तिकीट आलं. सगळीकडे हेच चाललंय, कारण आपल्यासारखे लोक ते आनंदानं घेतात. म्हणून माझं भांडण तुमच्याशी. आणि तुमचे मुद्दे मला पाठ आहेत, कारण शुक्रवारपर्यंत ते माझेच होते.

"बिझनेस क्लास चालतो ना?" चालतो. पण बिझनेस क्लासवाला ऐसपैस बसला म्हणून मागचा इकॉनॉमीवाला दोन तास उशिरा पोचत नाही. विमान एकाच वेळी उतरतं.

"एक्सप्रेसवेला टोल भरतोस ना?" भरतो. एक्सप्रेसवे हा नवा रस्ता आहे. मी टोल भरून तिकडे गेलो की जुन्या हायवेवर एक गाडी कमी होते, तिथल्या माणसाचं भलंच होतं. लाइटनिंग लेन हा नवा रस्ता नाही. त्याच खुर्च्या आहेत. जुन्या हायवेच्या गाड्या थांबवून मला सोडण्यासारखं आहे ते.

"त्यामुळे मूळ तिकीट स्वस्त राहतं." कुठे? फास्टपास फुकट होता त्या १९९९ साली चाळीस डॉलरच्या आत मिळणारं तिकीट गर्दीच्या दिवशी दोनशेच्या आसपास गेलंय. महागाई धरूनही हे प्रकरण दुपटीच्या वर जातं. पास आल्यानं काही स्वस्त झालेलं मला तरी दिसत नाही.

"म्हाताऱ्या माणसांनी काय करायचं?" हा मुद्दा खरा आहे आणि त्याचं उत्तर पैसा नाही. ज्यांना उभं राहणं शक्य नाही त्यांच्यासाठी वेगळी सोय हवीच, फुकट हवी, गरज बघून हवी. मी अठ्ठावीस वर्षांचा धडधाकट गडी आहे. माझी गरज फक्त एक्सेल शीट होती.

"माझा वेळ मौल्यवान आहे." हा सगळ्यात लाडका मुद्दा. आपला तासाचा बिलिंग रेट आपल्याला तोंडपाठ असतो, त्यामुळे आपल्याला वाटतं की आपला तास इतरांच्या तासापेक्षा जड आहे. त्या मुलीच्या बाबानं या शनिवारसाठी किती महिने पैसे साठवले असतील ते मला माहीत नाही. पण त्याचा एकुलता एक दिवस आणि माझा एकुलता एक दिवस यांची लांबी सारखीच होती. निदान पार्क उघडण्याआधी होती.

आता या वाचलेल्या वेळाचं मी काय केलं ते ऐका. स्पेस माउंटननंतर हाँटेड मॅन्शन. १९६९ चं भूतमहाल, त्यात एक खोली उंच उंच होत जाते. (खरं तर ती लिफ्ट आहे, आपण खाली जात असतो. पार्कच्या रेल्वेखालून पलीकडच्या मोठ्या इमारतीत माणसं न्यायची म्हणून केलेली युक्ती. काय डोकं आहे!) पण ती खोली उंच होत असताना मी काय करत होतो? फोनमध्ये पुढचा स्लॉट शोधत होतो. अकरा दहाचा गेला, अकरा चाळीसचा दिसतोय, रिफ्रेश, रिफ्रेश. चालताना फोन, खाताना फोन. शेजारून परेड गेली, तिचा मी फक्त बँड ऐकला. जेवताना बायकोनं शांतपणे विचारलं, "आज तू माझ्याशी एक वाक्य बोललायस का, ज्यात वेळ नाही?" आठवून पाहिलं. नव्हतो बोललो.

महिन्याभरानं ती परत जाणार, मग चार महिने व्हिडिओ कॉल. तिच्यासोबतच्या दिवसातली मिनिटं वाचवून मी ती फोनला देत होतो.

दुपारी आम्ही पायरेट्स ऑफ द कॅरिबियनला गेलो. १९६७ ची राइड, वॉल्ट डिस्नेनं स्वतः लक्ष घातलेल्या शेवटच्यांपैकी. उघडायच्या काही महिने आधीच तो गेला. आम्ही गेलो तेव्हा तिथे पासवाली रांगच नव्हती. सगळे एकाच रांगेत. आणि ती रांग चालत होती हो! होड्या येतायत, माणसं बसतायत, कोणी हात दाखवून थांबवत नाही. वीसेक मिनिटं कुठे गेली कळलं नाही.

मग इंडियाना जोन्स. माझ्याकडे दोन तासांनंतरचा स्लॉट होता. बायको म्हणाली, "मी आत्ता साध्या रांगेत जाणार. तू तुझ्या विजेच्या दारानं ये." गेलो मुकाट्यानं तिच्यामागे. पाऊण तासाच्या वर उभे होतो. आणि तिथे मला कळलं की १९९५ मध्ये ज्यांनी ही राइड बांधली त्यांनी रांगही बांधलेली आहे. ते अख्खं एक पडकं देऊळ आहे, आपण त्यातून चालत आत आत जातो. एका विहिरीत दोर सोडलेला आहे, 'ओढू नका' अशी पाटी. अर्थातच सगळे ओढतात, आणि खालून कोणीतरी बोंबलतं! भिंतींवर कुठल्याशा प्राचीन लिपीत मजकूर कोरलाय. नीट बघितलं तर प्रत्येक चिन्हात एक इंग्रजी अक्षर लपलेलं. राइड नवीन होती तेव्हा ती लिपी उलगडायची कार्डं वाटत असत म्हणे. आमच्याकडे कार्ड नव्हतं, टेस्टर होती. तिनं तीन भिंती वाचून काढल्या. पुढचा दहा वर्षांचा पोरगा आमच्यात सामील झाला, मग त्याची आजी. घरचे विषय निघाले, तिच्या नव्या मॅनेजरची नक्कल झाली, परत आल्यावर भाड्याचं घर बदलायचं की नाही यावर महिनाभर टाळलेलं बोलणं त्या देवळात झालं.

दुसऱ्या दारानं गेलो असतो तर यातलं बरंचसं झपाझप मागे पडलं असतं.

हे सगळं लिहिताना शाळेची एस्सेलवर्ल्डची सहल आठवली. गोराईच्या होडीतून गेलो होतो. आमच्या वर्गात एका मोठ्या बिल्डरचा मुलगा होता, पण राइडच्या रांगेत तो हजेरी क्रमांकाप्रमाणे माझ्या मागेच उभा होता, आणि बाई त्याच्याही मागे. २०२२ मध्ये एस्सेलवर्ल्ड बंद झालं. बातमी वाचून मला राइड्सच्या आधी ती रांग आठवली होती. आपल्याकडे माणसं जेमतेम जिथे सारखी होतात अशा जागा मुळातच कमी.

देवळाचंही तेच. तिरुपतीला ३०० रुपयांचं विशेष दर्शन, त्र्यंबकेश्वरला २०० रुपयांचं. देवळातल्या या शुल्काविरुद्धची याचिका जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आली, तेव्हा अशी खास वागणूक असू नये असं वाटलं तरी न्यायालय त्यावर आदेश देऊ शकत नाही, असं म्हणून ती निकालात काढली गेली. बरोबरच आहे. ही गोष्ट कोर्टानं थांबवायची नाहीच. ती विकत घेणाऱ्यानं थांबवायची आहे. आणि गंमत बघा, व्हीआयपी दर्शनाला नाकं मुरडणारे, "नेत्यांच्या ताफ्यासाठी आम्हाला का थांबवता" म्हणून चिडणारे आपणच. ताफा फुकट असला तर अन्याय, तीस डॉलरचा असला तर स्मार्ट प्लॅनिंग?

मग करायचं काय? उपाय आहेत आणि ते आपल्याच क्षेत्रातले आहेत. २०२० मध्ये याच डिस्नेलँडनं स्टार वॉर्सची नवी राइड उघडली तेव्हा ॲपवरून सगळ्यांना फुकट नंबर दिले होते. नंबर घ्या, फिरा, बोलावलं की या. म्हणजे तंत्रज्ञान आहे, सारखेपणानं वापरायची इच्छा हवी. गर्दी फार असेल तर दिवसाला तिकिटं कमी विका. आणि पास विकायचाच असेल तर बाहेरच्या पाटीवर एक आकडा आणखी लिहा: आज दर चार खुर्च्यांपैकी पासवाल्यांना किती. लोकांना कळू द्या ते कशाची वाट बघतायत.

तोवर आपल्या हातात एवढंच, की घ्यायचा नाही. अकराच्या ऐवजी सहा राइड्स होतील. होऊ द्या.

रात्री 'फँटॅस्मिक' बघितला. १९९२ पासूनचा नदीकाठचा शो, २०२३ मध्ये त्यातला ड्रॅगन खरोखरच पेटला होता आणि वर्षभरानं, २०२४ च्या मेमध्ये, शो परत सुरू झाला. पाण्याच्या तुषारांच्या पडद्यावर चित्रं, मग आगीचे लोळ. आम्ही तासभर आधी जाऊन जमिनीवर बसकण मारली होती, डब्यातल्या पोळीभाजीसह. शेजारी दोन्हीकडे तशीच पसरलेली कुटुंबं. त्याच वेळी खिशात फोन थरथरला. मॅटरहॉर्नचा स्लॉट, सात चाळीस ते आठ चाळीस, शेवटची पंधरा मिनिटं. बायकोनं आवाज ऐकला, काही बोलली नाही.

मी गेलो नाही. पण खोटं कशाला सांगू, पैसे भरलेले होते, जीव तुटला. अजूनही थोडा तुटतोय.